चुंबक आणि अतिसंवाहक : एका वैराची आणि सख्याची कथा

हॉलंडमधील लायडन हे कालव्यांचे गाव तेथील जुन्या विद्यापीठामुळे विद्वानांच्या परिचयाचे आहे. या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ८ एप्रिल १९११ रोजी प्राध्यापक हाइके कामर्लिंग ओनेस आणि त्यांचे सहकारी काचेच्या बारीक नळीत गोठविलेल्या पाऱ्यातून विजेचा प्रवाह सोडून त्याचा रोध मोजीत होते. नळीभोवती द्रवरूप हीलियम होते. हीलियम वायूचा द्रव करण्याची किमया याच प्रयोगशाळेने तीन वर्षांपूर्वी, १९०८ साली, साधली होती. तशी थंडी त्या काळी जगात दुसरीकडे कोठेही उपलब्ध नव्हती. उष्णतामान शून्याखाली सुमारे २६९ अंशांपर्यंत उतरले, आणि हळूहळू कमी होत आलेला पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसाच झाला.

घरातल्या दिव्यापासून गिरणीच्या यंत्रापर्यंत जेथे जेथे वीज तारेतून वाहते, तेथे तेथे तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. रोध हे या वाटमारीचे शास्त्रीय नाव. जेथे ही वाटमारी मुळीच नाही अशी वाट लायडन येथे सापडली. पदार्थाच्या या गुणाला अतिसंवाहकता म्हणतात. १९१३ साली ओनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच सुमारास त्यांच्या मनात एक मोठा मनोरथ उभा राहिला. शिशाच्या तारेचे वेटोळे करावे, ते द्रवरूप हीलियममध्ये बुडवावे, त्यातून हवा तेवढा प्रवाह खेळवावा आणि एक लाख गाउस इतक्या शक्तीचा चुंबक निर्माण करावा, असा तो मनोरथ होता. पण १९१४ साली सुमारे ६०० गाउसच्या क्षेत्रातच शिशाची अतिसंवाहकता मावळते असे आढळले. साधा विद्युत्-चुंबकही याच्या कित्येक पट क्षेत्र देतो. तारेतील प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करी आणि तेच क्षेत्र तारेचे सामर्थ्य हिरावून घेई. भस्मासुराने आपल्याच मस्तकावर हात ठेवावा, तशी ही गत झाली.

चुंबक आणि अतिसंवाहक यांच्या वैराची ही पहिली नोंद होय. या वैराला पुढे शंभर वर्षांनी सख्याचे रूप कसे आले, आणि त्या सख्यातून जे रत्न निघावयाचे म्हणून साऱ्या जगाच्या प्रयोगशाळा डोळे लावून बसल्या ते खरोखर हाती आले की नाही, हा विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासातील मोठा उद्बोधक भाग आहे.

बर्लिन येथे १९३३ साली वाल्टर माइस्नर आणि रोबेर्ट ओक्सेनफेल्ड यांनी या वैराची दुसरी बाजू दाखविली. अतिसंवाहक झालेली धातू चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंतर्भागातून बाहेर हाकलून देते, असे त्यांना आढळले. म्हणजे शत्रुत्व उभयपक्षी होते. क्षेत्र दुर्बल असेल तर अतिसंवाहक त्याला उंबरठा ओलांडू देत नाही. प्रबळ असेल तर ते घरात शिरून यजमानाचाच प्राण घेते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बेर्न्ट माथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या सुमारास आणखी एक कसोटी घेतली. लँथेनम ही धातू थंडीत अतिसंवाहक होते. तिच्यात गॅडोलिनियम या चुंबकी धातूचे शेकडा एकाच्या आसपास अणू मिसळले की तिचा तो गुण जवळजवळ लोपतो. दुधाच्या घागरीत मिठाचा खडा पडावा, तसा हा प्रकार होता.

हे वैर कशासाठी, याचे उत्तर त्याच सुमारास मिळाले. १९५७ साली इलिनॉय विद्यापीठातील जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या त्रयीने अतिसंवाहकतेची उपपत्ती मांडली. प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या अंगी भोवऱ्यासारखे एक परिवलन असते आणि त्यामुळे तो स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे हिंडत नाहीत; त्यांच्या जोड्या जमतात, आणि जोडीतील दोघांची परिवलने परस्परांविरुद्ध असतात. मुली फुगडी घालतात तेव्हा दोघी एकमेकींचे हात धरून विरुद्ध दिशांना मागे रेलतात, आणि त्या विरोधावरच फुगडी तोलली जाते. सोसाट्याचा वारा सुटून दोघींनाही एकाच बाजूस झुकवू लागला तर हात सुटतील. चुंबकीय क्षेत्र हा असाच वारा आहे. ते दोन्ही परिवलनांना एकाच दिशेस वळवू पाहते, आणि जोडी मोडते.

हा वारा किती झाला म्हणजे फुगडी मोडते, याचे गणित १९६२ साली दोघांनी स्वतंत्रपणे मांडले. त्यांपैकी एक अमेरिकेतील ॲल्बर्ट क्लॉग्स्टन आणि दुसरे भारतीय पदार्थवैज्ञानिक बी. एस. चंद्रशेखर. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ते हे नव्हेत. या मर्यादेला आजही या दोघांचीच नावे आहेत. त्यानंतर चीनमध्ये यू लू यांनी १९६५ साली, जपानमध्ये हिरोयुकी शिबा यांनी १९६८ साली आणि रशियात रुसीनोव्ह यांनी १९६९ साली, असे तिघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट सिद्ध केली. अतिसंवाहकात एखादा चुंबकी अणू जाऊन बसला, तर तो आसपासच्या जोड्यांना त्रास देतोच; पण त्याचबरोबर तो आपल्याभोवती इलेक्ट्रॉनांची एक अगदी नवी अवस्थाही निर्माण करतो. विध्वंसकाच्या हातून काही घडूही शकते, ही सूचना येथे प्रथम मिळाली.

दोघे एका घरात नांदतात अशी उदाहरणेही हळूहळू सापडू लागली. १९७७ साली अमेरिकेत आणि जिनिव्हा येथे काही विरळा धातूंची अशी संयुगे आढळली की ती थंड होताना आधी अतिसंवाहक होतात आणि आणखी थंड केली असता चुंबकत्व जागे होऊन अतिसंवाहकता पुन्हा निघून जाते. या प्रकरणात मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणात निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे १२ अंशांवर अतिसंवाहकता आढळली, आणि १९९४ साली ती प्रसिद्ध झाली. निकेल ही लोखंडाच्याच गोत्रातली चुंबकी धातू. ती ज्या संयुगात आहे ते अतिसंवाहक निघावे याचे जगाला नवल वाटले. त्या कुलातील अर्बियम, होल्मियम यांसारख्या धातूंच्या संयुगांत तर चुंबकी रचना आणि अतिसंवाहकता ही दोन्ही एकत्र नांदताना दिसली. वैर अटळ नाही, एवढे यावरून ठरले.

या कथेचा दुसरा धागा इटलीतून येतो. सिसिली बेटावरील कातानिया येथे १९०६ साली जन्मलेला एत्तोरे मायोराना हा रोममधील एन्रीको फर्मी यांच्या मंडळातला अत्यंत बुद्धिमान आणि तितकाच एकलकोंडा तरुण होता. इंग्लंडमध्ये पॉल डिरॅक यांनी १९२८ साली मांडलेल्या समीकरणावरून प्रत्येक कणाला उलट विद्युत्-भाराचा एक प्रतिकण असावा असे निष्पन्न झाले होते, आणि १९३२ साली इलेक्ट्रॉनचा प्रतिकण सापडलाही होता. मायोराना याने १९३७ साली दाखवून दिले की, डिरॅक यांचे समीकरण निराळ्या तऱ्हेने लिहिले तर ज्याचा प्रतिकण तो स्वतःच आहे असा कणही संभवतो. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात नेपल्स विद्यापीठातील हा एकतीस वर्षांचा प्राध्यापक पालेर्मोच्या सफरीवर गेला तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्याचे काय झाले याविषयी तर्क पुष्कळ झाले. त्याच्या कल्पनेतला कणही त्याच्यासारखाच अदृश्य राहिला.

मायोरानाचा कण मूलकणांच्या जगात शोधला जात असता, १९९०-नंतरच्या दशकात काही सिद्धान्तकारांचे लक्ष अतिसंवाहकाकडे वळले. अतिसंवाहकात उमटणारा तरंग काही अंशी इलेक्ट्रॉन असतो आणि काही अंशी इलेक्ट्रॉनची उणीव, म्हणजे पोकळी असतो. हे दोन्ही अंश अगदी समसमान झाले, तर असा तरंग स्वतःचाच प्रतिकण होईल. तो स्वतंत्र मूलकण नव्हे, पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या समुदायाची ती एक अवस्था. पण मायोरानाच्या समीकरणाचा गुण तिच्या अंगी येईल. रशियातील अलेक्सेई किताएव्ह यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशी अवस्था एका साध्या तारेच्या टोकांशी कशी येऊ शकेल, हे दाखविले.

किताएव्ह यांची कल्पना एका दृष्टान्ताने कळू शकते. माणसांची एक रांग उभी आहे आणि प्रत्येकाला दोन हात आहेत. प्रत्येकाने स्वतःचेच दोन हात एकमेकांत गुंफले तर कोणाचाही हात मोकळा राहत नाही. पण प्रत्येकाने आपला उजवा हात शेजाऱ्याच्या डाव्या हातात दिला, तर रांगेच्या आरंभी एक डावा हात आणि शेवटी एक उजवा हात मोकळा राहतो. तारेच्या दोन टोकांवरच्या मायोराना अवस्था म्हणजे हे दोन मोकळे हात होत. दोन्ही मिळून एकच इलेक्ट्रॉन होतो, परंतु त्याचे दोन अर्ध एकमेकांपासून दूर, तारेच्या दोन टोकांना असतात. रांगेच्या मधल्या माणसांना थोडे ढकलले, पुढेमागे सरकविले, तरी टोकाचे हात मोकळेच राहतात. ते नाहीसे करावयाचे तर सबंध रांगेची गुंफणच मोडावी लागेल. ताणल्याने, वाकविल्याने जे बदलत नाही त्याचा अभ्यास करणारी गणिताची शाखा म्हणजे संस्थितिविज्ञान, ज्याला टोपॉलॉजी म्हणतात. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन तिची टोके चिकटविली, तर पट्टी फाडल्यावाचून तो पीळ निघत नाही. तसाच हा गुण आहे. म्हणून अशा अतिसंवाहकतेला संस्थितिक अतिसंवाहकता हे नाव पडले.

या अवस्थेचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. क्वांटम संगणक म्हणून जे यंत्र घडविण्याची खटपट जगभर चालू आहे, त्याची मोठी अडचण अशी की, त्यातील माहिती अतिशय नाजूक असते. किंचित उष्णतेने वा बाहेरच्या विद्युत्-क्षेत्राने ती विसकटते. तीच माहिती तारेच्या दोन दूर टोकांत वाटून ठेवली, तर एका टोकाशी झालेल्या गडबडीला ती वाचताही येणार नाही आणि पुसताही येणार नाही. कुलपाच्या दोन किल्ल्या दोन गावी ठेवाव्यात, तशी ही योजना आहे.

परंतु किताएव्ह यांच्या रांगेत एक अट होती. तिच्यातील इलेक्ट्रॉनांना परिवलनाची निवड नव्हती. सर्वांचे परिवलन एकच होते. खऱ्या पदार्थातील इलेक्ट्रॉनला दोन परिवलने असतात, आणि नेहमीचा अतिसंवाहक जोड्या जमवितो तो विरुद्ध परिवलनांच्याच. दोहोंपैकी एक परिवलन बाजूला सारावयाचे तर त्याला एकच उपाय ज्ञात होता, आणि तो म्हणजे चुंबक. पीटर झीमान यांनी १८९६ साली चुंबकाच्या ध्रुवांमध्ये सोडियमची ज्योत ठेवून तिच्या प्रकाशरेषा रुंदावतात हे दाखविले होते. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे विभाजन होते, ते याच झीमान परिणामाने. योगायोग असा की, झीमान यांचा तो प्रयोगही ओनेस यांच्याच लायडनच्या प्रयोगशाळेत झाला होता. ज्या घरातून वैराची वार्ता आली, त्याच घरात सख्याचे साधनही अठरा वर्षे आधी तयार होऊन पडले होते.

आता प्रश्न उरला तो असा, की सर्व परिवलने चुंबकाने एकाच दिशेस वळविली तर जोडी जमणार कशी? येथे तिसरा घटक मदतीला आला. इंडियम आर्सेनाइड, इंडियम अँटिमोनाइड अशा काही अर्धसंवाहकांत इलेक्ट्रॉन ज्या दिशेने धावतो त्याप्रमाणे त्याचे परिवलन थोडे कलते. सोव्हिएत वैज्ञानिक एमान्युएल राश्बा यांनी १९६० च्या सुमारास या परिणामाचा अभ्यास केला होता. तारेत उजवीकडे जाणाऱ्याचे परिवलन एका बाजूस आणि डावीकडे जाणाऱ्याचे दुसऱ्या बाजूस कलले, म्हणजे दोघे पुरते समान राहत नाहीत. तेवढ्या फरकावर अतिसंवाहक त्यांची जोडी जमवू शकतो. अर्धसंवाहक, अतिसंवाहक आणि चुंबक या तिघांचे असे त्रिकूट जमले.

हे त्रिकूट कागदावर मांडण्यात भारतीय वंशाच्या वैज्ञानिकांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात कोलकात्याचे शंकर दास सर्मा, तसेच जय साउ, रोमान लुचिन आणि सुमंत तिवारी यांनी २०१० साली एक योजना प्रसिद्ध केली. अर्धसंवाहकाच्या पातळ थराच्या एका बाजूस अतिसंवाहक आणि दुसऱ्या बाजूस चुंबकी निरोधक ठेवावा, असे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षी लुचिन, साउ व दास सर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे युवाल ओरेग, गिल रेफाएल व फेलिक्स फॉन ओप्पेन यांनी, थराऐवजी तार घेण्याची आणि चुंबकी पदार्थाऐवजी बाहेरून क्षेत्र लावण्याची अधिक सोपी रीत सांगितली. प्रयोग करणाऱ्यांनी साहजिकच ही सोपी वाट धरली.

लायडनहून फार दूर नसलेल्या डेल्फ्ट येथे लेओ कौवेनहोवेन यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली पहिली मोठी बातमी दिली. इंडियम अँटिमोनाइडची सुमारे १०० नॅनोमीटर जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाचशे ते हजाराव्या भागाइतकी बारीक तार त्यांनी घेतली. तिला नायोबियमयुक्त अतिसंवाहक जोडला, ती निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा दशांशही उरणार नाही इतकी थंड केली आणि तारेच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले. टोकातून आत जाणाऱ्या प्रवाहाचा आलेख काढला, तेव्हा शून्य विद्युत्-दाबाशी एक शिखर उभे राहिले. मायोराना अवस्था टोकाशी असेल तर नेमके तेथेच शिखर यावे, असे सिद्धान्त सांगत होता. लेखकांनी आपल्या निबंधात तिला मायोरानाची खूण म्हटले. वृत्तपत्रांनी शोध लागल्याचा डंका पिटला.

२०१४ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अली याझदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरचे क्षेत्र टाळून चुंबकालाच आत आणले. शिशाच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर त्यांनी लोखंडाच्या अणूंच्या साखळ्या जुळविल्या आणि अणूअणूवर फिरणाऱ्या सूक्ष्म सुईने त्यांची पाहणी केली. साखळीच्या टोकांशी शून्य ऊर्जेची अवस्था दिसली. यू, शिबा आणि रुसीनोव्ह यांनी एका चुंबकी अणूभोवती जी अवस्था पाहिली होती, तिचीच ही माळ होती. ज्या शिशाने ओनेस यांच्या हातात ६०० गाउसला मान टाकली, त्याच शिशाच्या अंगावर लोखंड आता सुखाने नांदत होते.

तारांच्या बाबतीतही बाहेरच्या क्षेत्राची वाट पुढे अडचणीची ठरू लागली. क्षेत्र तारेच्या दिशेनेच असावे लागते. संगणकासाठी तारांचे जाळे विणावयाचे तर वेगवेगळ्या दिशांच्या तारांना एकच क्षेत्र कसे मानवणार? शिवाय तारेवरचे ॲल्युमिनिअम त्या क्षेत्राने स्वतःच दुबळे होते. तेव्हा २०१० ची मूळ योजना पुन्हा आठवली. तिला अनुरूप असा पदार्थही इतिहासाने आधीच हाताशी ठेवला होता. वर उल्लेखिलेल्या माथियास यांनीच बोझर्थ आणि व्हॅन व्ह्लेक यांच्यासह १९६१ साली युरोपियम ऑक्साइड हे लोहचुंबकीय आहे असे दाखविले होते. त्याचेच भावंड युरोपियम सल्फाइड. तेही थंडीत, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे १६ अंशांखाली, चुंबक होते. ही दोन्ही संयुगे धातूप्रमाणे वीज वाहून नेत नाहीत. म्हणून ती शेजारच्या इलेक्ट्रॉनांना गिळून न टाकता नुसत्या सान्निध्याने त्यांची परिवलने वळवू शकतात. मॅसॅच्युसेट्स येथील चुंबक प्रयोगशाळेत १९८६ साली युरोपियम ऑक्साइडच्या आणि १९९१ साली भारतीय वंशाचे जगदीश मूडेरा यांच्यासारख्यांच्या हातून युरोपियम सल्फाइडच्या थराला चिकटलेल्या ॲल्युमिनिअमवर हा परिणाम मोजला गेला होता. बाहेरचा चुंबक काढून घेतला तरी आतले ॲल्युमिनिअम जणू प्रबळ क्षेत्रात असल्यासारखे वागे, आणि तरीही अतिसंवाहक राही. मूडेरा यांच्याच मंडळाने २०२० साली व्हॅनेडियमवर बसविलेल्या सोन्याच्या नॅनोतारांवर युरोपियम सल्फाइडची लहान बेटे जमवून त्यांच्या दोन्ही टोकांशी मायोरानाची लक्षणे दिसल्याचे कळविले.

कोपनहेगन येथे चार्ल्स मार्कस आणि पेटर क्रोग्स्ट्रुप यांच्या मंडळाने हाच विचार अर्धसंवाहकाच्या तारेवर उतरविला. इंडियम आर्सेनाइडची नॅनोतार शिसपेन्सिलीसारखी षट्कोनी वाढते. तिच्या काही बाजूंवर त्यांनी युरोपियम सल्फाइडचा आणि काही बाजूंवर ॲल्युमिनिअमचा थर चढविला. काही तारांत हे दोन थर एखाद्या बाजूवर एकमेकांवर आले, काहींत ते वेगळे राहिले. सॉलियस वायतिएकेनस आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या मोजमापांत चमत्कार असा दिसला की, थर जेथे एकमेकांवर होते तेथेच बाहेरचे क्षेत्र शून्य असतानाही आतील इलेक्ट्रॉनांना एक टेस्लाहून, म्हणजे दहा हजार गाउसहून, अधिक क्षेत्राइतका परिणाम जाणवत होता आणि शून्य दाबाशी शिखर उभे राहत होते. थर वेगळे असलेल्या तारांत यांतले काहीच दिसले नाही. चुंबकाचा प्रभाव अंशतः थेट तारेत आणि अंशतः ॲल्युमिनिअममधून पोचत असावा, अशी उपपत्ती पुढे सिद्धान्तकारांनी मांडली. हा निबंध २०२१ साली छापला गेला. आपली निरीक्षणे संस्थितिक अतिसंवाहकतेशी सुसंगत आहेत, एवढेच त्यात लेखकांनी म्हटले.

त्यांचे हे जपून बोलणे अर्थपूर्ण होते, कारण त्याच वर्षी या क्षेत्राला मोठा धक्का बसला. डेल्फ्टच्या मंडळाने २०१८ साली ‘नेचर’ नियतकालिकात असे प्रसिद्ध केले होते की, मायोराना अवस्थेची संवाहकता सिद्धान्ताने सांगितलेल्या नेमक्या मूल्यावर येऊन स्थिरावलेली दिसते. यापुढे शंकेस जागा नाही असे अनेकांना वाटले. परंतु २०१२ च्या प्रयोगात ज्यांचा स्वतःचा हात होता, त्या सेर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मूरिक यांनी मूळ आकडे मागवून तपासले. निबंधात छापलेल्या आलेखांपेक्षा प्रत्यक्ष मोजणी अधिक विस्तृत होती, आणि ती सर्व मांडली असता मूल्य त्या ठिकाणी स्थिरावत नव्हते. मार्च २०२१ मध्ये लेखकांनी निबंध मागे घेतला आणि शास्त्रीय काटेकोरपणा पुरेसा पाळला गेला नाही, याबद्दल क्षमा मागितली. स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीला यात कोणाचा फसविण्याचा हेतू आढळला नाही. जे पाहावयाची उत्कंठा होती तेच संशोधकांना दिसत गेले, असा तिच्या निष्कर्षाचा आशय होता.

शून्य दाबाशी येणारे शिखर केवळ मायोरानामुळेच येते असे नाही, हा येथील मुख्य पेच आहे. तारेत थोडी अशुद्धता असली, टोकाशी विद्युत्-दाबाचा एखादा खळगा असला, तरी साध्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्था तसेच शिखर उभे करतात. सावित्रीसारखा वेष घेतला म्हणून कोणी सावित्री होत नाही. अशी सोंगे किती प्रकारची असू शकतात, याचे सविस्तर गणित २०२० साली ज्यांनी सहकाऱ्यासह मांडले, ते शंकर दास सर्मा होते. आपणच सुचविलेल्या मार्गावरील खाचखळगे त्यांनी आपणच जगापुढे ठेवले, आणि या शिखरांचे चांगली, वाईट आणि कुरूप असे तीन वर्ग केले. ही वृत्ती विज्ञानाला भूषणावह आहे.

त्यानंतरची वाटचाल अधिक सावध झाली. डेल्फ्टमध्येच २०२३ साली केवळ दोन कृत्रिम अणूंची सर्वांत आखूड किताएव्ह-साखळी तयार करण्यात आली. आखूडपणामुळे तिला खरे संरक्षण लाभत नाही, हे संशोधकांनी आरंभीच सांगून टाकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘मायोराना १’ नावाची चकती जाहीर केली. तीही अर्धसंवाहक, ॲल्युमिनिअम आणि बाहेरचे क्षेत्र यांवरच उभारलेली आहे. तिच्यासोबत प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या परीक्षणपत्रांत संपादकांनी मात्र नोंद करून ठेवली, की या निबंधातील निष्कर्ष म्हणजे मायोराना अवस्थांच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हे. वाद अजून मिटलेला नाही. दोन मोकळे हात एकमेकांभोवती फिरवून दाखविले आणि त्याचा सिद्धान्ताने सांगितलेला परिणाम दिसला, तरच हा प्रश्न निर्विवादपणे सुटेल.

असे असले तरी शंभराहून अधिक वर्षांच्या या प्रवासात जे हाती आले ते थोडे नाही. ज्या चुंबकापुढे अतिसंवाहक टिकत नव्हता, त्याच चुंबकाच्या पातळ थराशेजारी तो टिकविता येतो. एवढेच नव्हे, तर जे दोघांपैकी कोणा एकालाही साधले नसते असे काही दोघे मिळून साधू पाहतात. वैराचे कारण कळले म्हणूनच सख्याची वाट सापडली. फुगडी का मोडते हे ज्याला समजले, त्यालाच वारा किती आणि कोठून यावा हे ठरविता आले.

कामर्लिंग ओनेस यांनी १८८२ साली लायडनला प्राध्यापकपद स्वीकारताना जे पहिले व्याख्यान दिले, त्यात मोजमापातूनच ज्ञान लाभते हे तत्त्व प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर लिहून ठेवावे अशी इच्छा व्यक्त केली होती. त्यांचे बोल खरेच आहेत. मायोरानाच्या शोधाने त्याला एक पुस्ती जोडली आहे. जे मोजले ते सगळेच्या सगळे जगापुढे ठेवावे लागते. आवडलेले आकडे पुढे आणि नावडलेले मागे, असे करून चालत नाही. १९११ साली पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला दिसला, तेव्हा मांडणीतच कोठे दोष असेल या शंकेने लायडनच्या मंडळींनी आपली जोडणी आधी पुन्हा पुन्हा तपासली आणि मगच त्यावर विश्वास ठेवला. सिसिलीचा तो तरुण गणिती जेथे गेला तेथून परतला नाही. त्याच्या समीकरणातली अवस्था परतेल की नाही, हे त्या जुन्या शंकेखोर सवयीवरच अवलंबून आहे.